छोटे रिव्हॉल्व्हर आणि हाताची सवय

रिव्हॉल्व्हर विकत घेणे आणि ते अंगावर बाळगण्याची सवय होणे, ह्या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. पहिलीला परवाना आणि पैसा लागतो. दुसरीला महिने लागतात, आणि तेवढे महिने खर्च करायला फार थोडे लोक तयार असतात. नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावी ज्यांच्याजवळ परवान्याचे हत्यार आहे असे व्यापारी, बागाईतदार आणि मळ्यात एकटी वस्ती करून राहणारे लोक थोडेच. पण ज्यांच्याजवळ ते आहे त्यांतले बहुतेक ते कपाटात ठेवतात, सणावारी दसऱ्याला पूजेत मांडतात, आणि गरज पडली तर ते आपोआप चालेल अशा भरवशावर असतात. हा भरवसा किती पोकळ आहे आणि तो भरीव कसा करता येईल, एवढाच आजचा विषय. शस्त्र बाळगावे की नाही ह्या वादात आम्ही शिरत नाही. कांद्याच्या लिलावाची रोकड पूर्वीसारखी पिशवीतून फिरत नाही, बरेचसे पैसे परस्पर बँकेत जमा होतात. तेव्हा हत्याराची गरज कोणाला आणि किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र घेतल्यानंतर काय करावे, हे ठरवण्याची मोकळीक आम्ही कोणाला देणार नाही.

आपल्या जिल्ह्यात ह्या वस्तूची आठवण निघाली की ती एका प्रसंगापाशी जाते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुष्कळांच्या बोलण्यात ते रिव्हॉल्व्हर असते. वस्तुतः ते ब्राउनिंग पिस्तूल होते, लंडनहून लपवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी. हा भेद नुसता शब्दाचा नाही. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या पेटीत एकावर एक रचलेली असतात, आणि एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडून नवे काडतूस नळीत चढते. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते. चक्रात बहुधा सहा घरे, प्रत्येक घरात एक काडतूस, आणि चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलात ते हाताने काढून टाकावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते. यंत्र साधे, पाहून समजणारे. ज्याला हत्याराचा नाद नाही अशा गृहस्थाला रिव्हॉल्व्हरच घ्यावे असे जाणते लोक सांगतात, त्याचे कारण हे.

नागरिकाला आपल्या देशात बहुधा .३२ बोअरचेच रिव्हॉल्व्हर मिळते. म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या बत्तीस शतांशांच्या आसपास, आपल्या मापाने आठ मिलिमीटरला किंचित कमी. पोलिसांच्या पिस्तुलाचे ९ मिलिमीटरचे काडतूस नागरिकांना निषिद्ध आहे. हे बत्तीसचे लांब काडतूस १८९६ साली अमेरिकेत निघाले, आणि इतर देशांत ते जवळजवळ नेमबाजीच्या खेळापुरते उरले असता आपल्याकडे कायद्याच्या कृपेने घरोघरच्या परवान्यांवर चालते आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांना पर्समध्ये बाळगता यावे, अशी त्याची जाहिरात झाली. वजन अवघे ५०० ग्रॅम, कारण त्यात टायटॅनियमचा मिश्रधातू वापरला आहे. किंमत मात्र त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात होती. त्यानंतर आलेले .२२ बोअरचे 'निडर' तर २५० ग्रॅमचे, म्हणजे पावशेराच्या मापाचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आले. ते ७०० ग्रॅमचे, आणि त्याचे चक्र कडेला उघडते. निर्भीक जुन्या वेब्ली पद्धतीचे, नळी खाली मोडून उघडायचे. ह्यांपैकी कोणते चांगले, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. उत्तर असे की, ज्याने तुमच्या हातून सात पावलांवरच्या ताटाएवढ्या कागदावर सहापैकी सहा गोळ्या लागतील ते. आणि हे दुकानात कळत नाही.

दुकानात काय कळते? हलकेपणा कळतो. पूर्वीचे पाऊण किलोचे हत्यार हातात घेतलेल्याला अर्धा किलोचे हत्यार फुलासारखे वाटते, आणि तो मोहात पडतो. पण हलकेपणाची किंमत गोळी सुटताना द्यावी लागते. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येते, हा न्यूटनचा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला आहे. बत्तीसची गोळी सुमारे सव्वासहा ग्रॅमची, आणि ती सेकंदाला साधारण दोनशे मीटरच्या वेगाने सुटते. गोळी तीच आणि हत्यार जितके हलके, तितका त्याचा मागे येण्याचा वेग अधिक. हिशेब केला तर पाऊण किलोच्या हत्याराच्या मानाने अर्धा किलोचे हत्यार दीडपट वेगाने मागे येते आणि तळहाताला दीडपट मार देते. बत्तीसचे काडतूस मुळात सौम्य असल्यामुळे हा मार असह्य नसतो. बाराबोअरच्या बंदुकीपुढे तो काहीच नाही. पण तो अनपेक्षित असतो, आणि इथेच खरी अडचण सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपासून हात त्या धक्क्याची वाट पाहू लागतो. चाप पुरा ओढण्याआधीच मनगट खाली झुकते, डोळे मिटतात, आणि गोळी जमिनीकडे जाते. माणूस म्हणतो, हत्यार खाली मारते. हत्याराचा त्यात काही दोष नसतो.

दुसरी अडचण चापाची. छोट्या रिव्हॉल्व्हरला बहुधा अटकाव करणारी कळ नसते. चाप जड असणे हाच अटकाव. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो, पण तसे न करता नुसता चाप ओढायचा तर बोटाला चार-पाच किलोंचा जोर लावावा लागतो, कारण त्याच ओढीत चक्रही फिरायचे असते आणि घोडाही उचलायचा असतो. आता विचार करा: अर्ध्या किलोची वस्तू हातात धरून तिच्यावर तिच्या वजनाच्या आठ-दहा पट जोर एका बोटाने लावायचा, आणि ती तसूभर हलू द्यायची नाही! सवय नसलेल्याला हे जमत नाही, आणि त्यात शरम वाटण्याजोगे काही नाही. घोडा चढवून ठेवण्याची पळवाट मात्र कोणी धरू नये. घाबरलेल्या माणसाच्या हातात घोडा चढवलेले हत्यार म्हणजे निष्कारण सुटणारी गोळी. आणि न झाडता घोडा पुन्हा खाली बसवणे हे भरल्या हत्यारावर करायचे सर्वांत नाजूक काम आहे.

तिसरी गोष्ट नळीच्या आखूडपणाची. नेम धरायचा तो मागच्या खाचेतून पुढच्या माशीकडे पाहून. छोट्या हत्यारात ह्या दोहोंमधले अंतर दहा-बारा सेंटीमीटर. तेवढ्या अंतरात माशी एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर गोळी आठ-दहा सेंटीमीटर सरकते. लांब नळीच्या हत्यारात हीच चूक अर्धी होते. ह्याचा अर्थ छोटे हत्यार वाकडे मारते असा नव्हे. धरणाऱ्याची चूक ते झाकत नाही, एवढाच. म्हणून हे हत्यार खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचे आहे असे समजावे. मळ्यात बिबट्या येतो म्हणून रिव्हॉल्व्हर घेतो असे म्हणणारे भेटतात. त्यांनी विजेरी, फटाके आणि पक्के दार ह्यांवर पैसे खर्चावेत.

आता उपाय. नामपूरहून नाशिक शंभराहून अधिक किलोमीटर, आणि खरा गोळीबार करायला रीतसर निशाणमैदान पाहिजे. शेताच्या बांधावर गोळ्या झाडून पाहणे हा सराव नव्हे, गुन्हा आहे. काडतुसेही परवान्यावर लिहिलेल्या संख्येपुरतीच मिळतात आणि स्वस्त नाहीत. मग सवय व्हावी कशी? ह्याचे उत्तर नेमबाजीच्या खेळात फार पूर्वीच सापडलेले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. ह्या खेळातले खेळाडू सरावाचा मोठा भाग रिकाम्या हत्यारावरच करतात. गोळी सुटली म्हणजे काय चुकले ते आवाजात आणि धक्क्यात बुडून जाते. हत्यार रिकामे असले की माशीची प्रत्येक थरथर दिसते.

रिकाम्या हत्याराचा सराव घरी करता येतो, पण त्याचे सोवळे कडक पाळावे लागते. खोली एक ठरलेली असावी. तिच्यात काडतूस नावाची वस्तू नसावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून मगच हत्यार हाती घ्यावे. चक्र उघडून सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत आणि मग बोटानेही चाचपावीत, कारण डोळा सवयीने फसतो. नळी ज्या भिंतीकडे धरायची ती दगडी किंवा जाड विटांची असावी, पलीकडे कोणी झोपत नसावे. त्या वेळी घरातल्या कोणाशी बोलू नये, फोन घेऊ नये. मुलाने दारातून "बाबा, काय करता?" म्हणून विचारले तर हत्यार खाली ठेवावे आणि त्या दिवसाचा सराव संपला असे धरावे. सराव संपल्यावर तोंडाने उघड म्हणावे की संपला, आणि हत्यार कुलपात जावे. जगभर घरात ज्या गोळ्या चुकून सुटतात त्यांतल्या कित्येक सराव संपवून, काडतुसे भरून, पुन्हा "एकदाच" चाप ओढून पाहणाऱ्यांच्या हातून सुटतात.

सरावात करायचे ते एवढेच. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरावी, दुसरा हात पहिल्यावर घट्ट बसवावा. अंगठे चक्राच्या पुढच्या टोकापासून मागे राहिले पाहिजेत, कारण खऱ्या गोळीच्या वेळी चक्र आणि नळी ह्यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाहेर येतो आणि तो बोट भाजतो. मग माशीवर दृष्टी ठेवून चाप एकसारखा, न थांबता, मागे आणावा. नळीवर माशीजवळ एक रुपयाचे नाणे ठेवून पाहावे. घोडा पडल्यावरही नाणे जागचे हलले नाही तर ओढ बरोबर झाली. पहिल्या आठवड्यात नाणे दर वेळी पडेल. रोज दहा मिनिटे, वीस-पंचवीस ओढी, ह्याहून अधिक करू नये. बोट थकले की वाईट सवय लागते. दोन-तीन महिन्यांत नाणे ठरू लागते. .२२ बोअर असलेल्यांना एक इशारा: त्या काडतुसाला कडेवर ठोका बसतो, त्यामुळे रिकाम्या घरावर चाप ओढला तर ठोकण्याची टाचणी चक्राच्या धातूवर आदळून दोहोंची नासाडी होते. त्यांनी खोटी काडतुसे वापरावीत. बत्तीसला मधोमध ठोका बसतो, तरी कारखान्याचे माहितीपत्रक पाहूनच काय ते करावे.

ह्यानंतर वर्षातून तीन-चार वेळा रीतसर मैदानावर जावे, कानांवर रक्षक आणि डोळ्यांवर चष्मा लावून पन्नास गोळ्या झाडाव्यात. तिथे एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. बरोबरच्या माणसाने आपल्या नकळत सहा घरांत चारच काडतुसे भरून द्यावीत. रिकाम्या घरावर घोडा पडताना नळी खाली दचकली, तर धक्क्याची भीती गेलेली नाही हे सर्वांसमक्ष उघड होते. ह्याहून प्रामाणिक गुरू आम्हाला ठाऊक नाही.

हाताची सवय झाली तरी अंगाची सवय राहते. इथे आपला कायदा काय म्हणतो ते पुष्कळ परवानाधारकांना माहीत नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी छोटे हत्यार त्याच्यासाठी बनवलेल्या म्यानात किंवा तशाच पिशवीत, पूर्णपणे झाकलेले, आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे सदऱ्यावरून पट्टा बांधून लोकांना मूठ दिसेल असे फिरणे, हा जो आपल्याकडे रुबाबाचा प्रकार समजला जातो, तो नियमाविरुद्ध आहे. झाकून ठेवणे हे येथे कपट नसून कर्तव्य आहे. व्यवहारातही ते शहाणपणाचे. ज्याला ते दिसते त्याला ते हिसकावण्याची इच्छा होऊ शकते.

झाकायचे कसे, हा मात्र आपल्या पोशाखाचा आणि बसण्याउठण्याचा प्रश्न आहे, आणि परदेशी पुस्तके इथे उपयोगी पडत नाहीत. खुर्चीवर बसणाऱ्या साहेबाला उजव्या कमरेचे म्यान सोयीचे पडते. आडतीच्या गादीवर मांडी घालून बसणाऱ्याच्या पोटात तेच म्यान रुतते आणि तासाभरात तो ते सैल करतो. सैल म्यान म्हणजे उठताना घसरून पडणारे म्यान. त्याने ते कमरेच्या किंचित मागे, हाडाच्या पलीकडे सरकवावे आणि त्याजागी दिवसभर बसून पाहावे. धोतराला किंवा नाडीच्या पायजम्याला अर्ध्या किलोचे ओझे पेलत नाही. आत चार बोटे रुंदीचा ताठ चामडी पट्टा पाहिजेच. मोटारसायकलवर खड्ड्यांच्या रस्त्याने म्यानाचा टाका उसवतो, तो आठवड्याला पाहावा. उघडे हत्यार खिशात टाकणे सर्वांत वाईट. किल्ली, पेन, सुटे पैसे त्याच खिशात असले की चापाच्या कडीत कधी काय अडकेल त्याचा नेम नाही. खिशातच ठेवायचे तर चाप पूर्ण झाकणारे म्यान घालून आणि त्या खिशात दुसरे काहीही न ठेवता. बायकांच्या पर्सचेही तेच, आणि तिथे एक जास्तीची पंचाईत: पर्स आपण लग्नात कोणाच्याही हाती देतो, बसमध्ये वर फळीवर ठेवतो. पर्समध्ये हत्यार असेल तर ती पर्स अंगावेगळी करता येत नाही. पर्ससाठी म्हणून खपवलेल्या हत्याराची ही अडचण जाहिरातीत कोणी सांगितली नाही.

पहिले काही आठवडे माणूस दर पाच मिनिटांनी कमरेला हात लावून पाहतो. सगळ्या बाजाराला कळते. म्हणून सुरुवातीला रिकामे म्यान, मग त्यात तितक्याच वजनाची वस्तू, मग रिकामे हत्यार घालून घरात वावरावे. जेवावे, वाकावे, पायताण घालावे. हात कमरेकडे जायचा थांबला म्हणजे सवय झाली. ती झाल्यावर उलटा धोका येतो, विसरण्याचा. सार्वजनिक शौचालयात पट्टा काढून खुंटीला लावला आणि तसाच राहिला. न्हाव्याकडे, देवळात सोवळ्यासाठी कपडे उतरवले. बँकेच्या दारात पहारेकऱ्याने अडवले तेव्हा आठवले. जिथे हत्यार न्यायचे नाही अशा जागी त्या दिवशी जायचे असेल तर सकाळीच ते घरी कुलपात ठेवावे. मोटारीच्या कप्प्यात ठेवून जाणे म्हणजे चोराला परवान्याशिवाय हत्यार देणे. आणि लग्नाच्या वरातीत तर त्याचे नावही काढू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाप्रीत्यर्थ गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. वर गेलेली गोळी खाली येते, हे निराळे.

घरात ते कुठे असावे, ह्यावर आमचे मत ठाम आहे. उशीखाली नाही, फडताळात साड्यांच्या घडीत नाही, देव्हाऱ्यामागे नाही. मुलांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू ठाऊक असते. दिवाळीचे लाडू कुठे ठेवले हे ज्यांना कळते त्यांना हे कळणार नाही असे मानणे हा वडील माणसांचा भाबडेपणा. भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी, किल्ली परवानाधारकाच्याच अंगावर, आणि अंगावर नसेल त्या वेळी हत्यार रिकामे, काडतुसे वेगळ्या कुलपात. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत चाप ओढायची ताकद नसते असे कोणी सांगेल. दोन्ही हातांचे अंगठे लावून ते मूल तो ओढते, आणि तेव्हा नळी त्याच्याच तोंडाकडे असते. कुलपामुळे चोर आल्यावर अर्धे मिनिट जास्त लागेल हे खरे. ते अर्धे मिनिट दार पक्के करून मिळवावे. आणखी एक गोष्ट बोलून ठेवतो. कर्जाच्या, आजारपणाच्या किंवा घरातल्या भांडणाच्या दिवसांत हत्यार घरात ठेवू नये; पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय कायद्यात आहे, आणि निवडणुकीच्या वेळी जमा करतोच की आपण.

चाप केव्हा ओढावा हे ह्या व्याख्यानाच्या कक्षेबाहेरचे. पण सवय लावणाऱ्याने भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे एकदा वकिलाकडून समजून घ्यावीत. स्वसंरक्षणाचा हक्क त्यांत आहे आणि त्याच्या मर्यादाही आहेत: गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क राहत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी ह्यात कुठे बसेल, ते वकीलच सांगेल.

निगा राखण्याविषयी थोडे. चामड्याच्या म्यानात हत्यार महिनोन्‌महिने पडून राहिले की घामाचा आणि पावसाळी हवेचा ओलावा चामडे धरून ठेवते आणि नळीवर गंजाचे ठिपके येतात. साठवताना ते म्यानातून काढून कोरड्या फडक्यात ठेवावे. तेल बोटभर पुरे. काडतुसावर तेल झिरपले तर ते ऐन वेळी फुसके ठरते. अंगावर बाळगलेली काडतुसे वर्षाकाठी मैदानावर झाडून संपवावीत आणि नवी भरावीत.

राहता राहिला परवाना. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा, तर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे, असे झाले. नूतनीकरणाची तारीख चुकली की तेच हत्यार बेकायदा होते. परवानाधारक वारला तर घरच्यांनी ते माळ्यावर टाकू नये, विनाविलंब जमा करावे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते वारसाच्या नावे होऊ शकते. मालक सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा पंचवीस वर्षे हत्यार बाळगल्यावर त्याच्या हयातीतही होऊ शकते. पण वारसालाही स्वतःचा परवाना काढावा लागतो, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला मिळवावा लागतो, आणि बापाचा हात कितीही स्थिर असला तरी मुलाला पुन्हा रिकाम्या हत्यारापासून आणि रुपयाच्या नाण्यापासून सुरुवात करावी लागते.